आवाजी मतदान

10 ऑगस्ट 2011, बुधवार. मुलुंड

काल क्रांतिदिनी मावळात गोळीबार झाला. पवना धरणाचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला तिथल्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. बऊरजवळ त्यांनी द्रुतगती मार्ग अडवला, पोलिसांनी गोळ्या चालवल्या. तीन जण गेले, त्यांत एक बाई.

आमचा डबेवाला पवन मावळातला. नेहमीच्या वेळेला आला, डबा उचलला. मी विचारलं, गावाकडे ठीक आहे ना? "घरचं कुनी न्हाई त्यात," एवढं बोलून जिना उतरला. त्याला गाडी धरायची असते.

16 ऑगस्ट, मंगळवार

अण्णा हजारेंना सकाळीच दिल्लीत मयूर विहारमधून उचललं, लोकपालासाठी उपोषणाला बसायच्या आधीच. दिल्ली पोलिसांनी जयप्रकाश नारायण पार्कसाठी 22 अटी घातल्या होत्या. तीनच दिवस. माणसं 5,000 च्या आत. मोटारी 50, दुचाकी 50. ही यादी ज्यानं केली त्यानं कधी मैदानातली सभा पाहिलेली नसावी. माणसं मोजून आत सोडायला ते काय लग्नाचं कार्यालय आहे? संध्याकाळी सुटकेचा हुकूम निघाला, तर अण्णा तिहारमधून बाहेर यायला तयार नाहीत. आता सरकार त्यांना बाहेर या म्हणून विनवतंय.

मंदारचा पुण्याहून फोन. हिंजवडीतलं अर्धं ऑफिस दुपारी रस्त्यावर होतं म्हणे. "काका, तुम्ही जन्मभर विधानभवनात बसून सगळ्यांची भाषणं उतरवून घेतलीत. सांगा, त्यातून एक तरी धड कायदा निघाला का?"

मी म्हटलं, रोजगार हमी. 1977 चा. सगळ्या देशाच्या आधी.

"आणि त्यानंतर?"

माहितीचा अधिकार, म्हटलं. तो याचीच वाट बघत होता. "तो कुणामुळे मिळाला? अण्णा आझाद मैदानावर उपोषणाला बसले तेव्हा!" आहे खरं. 2003 चा ऑगस्ट. विधेयक आम्ही मंजूर करून दिल्लीला पाठवलं होतं, ते तिथे पडून होतं. उपोषण चालू असतानाच राष्ट्रपतींची सही झाल्याची बातमी आली. मंदारला हे तोंडपाठ आहे. त्या विधेयकाच्या वेळी सभागृहात कोण काय बोललं ते मला आठवतं, पण त्याच्या पिढीला त्यात रस नाही.

17 ऑगस्ट, बुधवार

पंतप्रधानांचं संसदेत निवेदन. कायदे करणं संसदेचं काम, अण्णांनी धरलेला मार्ग चुकीचा आणि संसदीय लोकशाहीला घातक. तत्त्व बिनचूक. पण टू-जी, राष्ट्रकुल आणि आमच्या कुलाब्याचं 'आदर्श' हे घोटाळे डोक्यावर असताना, आणि ज्याला काल तुरुंगात टाकलं त्याच्याबद्दलच बोलताना, तत्त्वाला वजन येत नाही. शिवाय लोकपालाचं विधेयक पहिल्यांदा मांडलं गेलं 1968 साली. 1969 मध्ये लोकसभेनं ते मंजूरही केलं. पुढे लोकसभा विसर्जित झाली आणि ते बुडालं. त्यानंतर किती सरकारांनी ते मांडलं आणि किती वेळा ते बुडालं, याचा हिशेब आमच्यासारख्यांनाही बोटांवर करावा लागतो. मोरारजींच्या प्रशासकीय सुधारणा आयोगानं केलेली ती शिफारस. मांडणारे गेले, विरोध करणारे गेले, विधेयक आपलं मांडलंच जातंय.

संसदेची प्रतिष्ठा मैदानात जाते, हे मला पटतं. पण त्याआधी ती पटलावरच्या फायलींत गेलेली असते, हे पंतप्रधानांच्या निवेदनात नव्हतं.

20 ऑगस्ट, शनिवार

काल अण्णांच्या पाठिंब्यासाठी डबेवाल्यांचा संप. शंभरावर वर्षांत पहिला, असं सगळे चॅनेल ओरडून सांगत होते. चर्चगेटहून आझाद मैदानावर मोर्चा गेला. पतेती होती, पुष्कळ ऑफिसं बंद, त्यामुळे उपाशी फारसं कुणी राहिलं नाही. ती तारीख बघूनच धरली असणार. संप करायचा, पण गिऱ्हाइकाचा जेवणाचा खाडा होऊ द्यायचा नाही, हे त्यांनाच जमतं.

आज आमचा डबेवाला आला तेव्हा मी त्याला बसवून घेतलं. डोक्याला रोजची पांढरी टोपी, तिच्यावर काही छापलेलं नाही. म्हटलं, ती 'मैं अन्ना हूँ'ची नाही का घातलीत? "वाटत हुते तिथं. ही हाय की." मग पाणी पिऊन त्यानंच विचारलं, "साहेब, त्यो लोकपाल तलाठ्याला धरंल का?"

वडील वारल्यावर सातबाऱ्यावर भावांची नावं चढवायला याला किती खेपा पडल्या आणि दर खेपेला काय द्यावं लागलं, ते त्यानं सांगितलं. आकडा सांगताना आवाज खाली केला. इतकी वर्षं लोटली तरी.

मी सांगितलं, तलाठी राज्य सरकारचा माणूस. आणि आपल्या राज्यात लोकायुक्त आहे, 1972 पासून. सगळ्या देशात कामाला लागलेला पहिला लोकायुक्त आपलाच. त्याच्याकडे आणि उपलोकायुक्ताकडे अर्ज करता येतो. मंत्रालयासमोर कचेरी आहे. काल तुम्ही चर्चगेटला जमलात तिथून चालत जाण्यासारखी.

"त्यो काय करतो?"

चौकशी करून सरकारला शिफारस करतो.

"म्हंजी सरकारला सांगतो, की सरकारचा मानूस पैसं खातो."

तसंच.

"मग अण्णाच बरं," म्हणाला, आणि उठला.

या लोकायुक्ताचे वार्षिक अहवाल दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवले जायचे. 'अहवाल सभागृहासमोर ठेवण्यात आला' हे वाक्य मी किती अधिवेशनांत लिहिलं असेल. त्यावर चर्चा लिहून घेतल्याचं मात्र आठवत नाही.

आजच्या पेपरात संसदेच्या स्थायी समितीची जाहिरात आहे: लोकपाल विधेयकावर नागरिकांनी 15 दिवसांत सूचना पाठवाव्यात. मंदारला फोन करून म्हटलं, तुझ्या मनात जे आहे ते कागदावर लिही आणि पाठव. तो हसला. "काका, मी मिस्ड कॉल दिलाय." त्यांची एक मोहीम आहे, नंबर फिरवायचा, एक रिंग झाली की ठेवून द्यायचा, पाठिंबा नोंदला जातो. विरोध नोंदवायचा असेल तर कुठल्या नंबरवर, असं मी विचारलं. तो म्हणाला, विरोध कोण कशाला करेल?

21 ऑगस्ट, रविवार

आझाद मैदानावर जाऊन आलो. हिला पाय दुखत असल्यानं ती आली नाही, पण जाताना म्हणाली, टोपी घेऊन या एखादी. दहा रुपयांना मिळाली.

गर्दी चांगल्या घरांतली, पहिल्यांदाच रस्त्यावर आलेली. मोर्च्याची सवय नसल्यामुळे एकमेकांना 'एक्सक्यूज मी' म्हणत पुढे सरकणारी. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. एरवी मत द्यायच्या दिवशी लोणावळ्याला जाणारी ही माणसं. मावळच्या गोळीबाराला अजून दोन आठवडे झाले नाहीत. त्याचा एकही फलक मला दिसला नाही. एप्रिलमध्ये जैतापूरला साखरी नाट्यात गोळीबारात माणूस गेला, त्याचाही नाही. जमिनीसाठी, पाण्यासाठी रस्त्यावर येणारा माणूस या घोषणांतल्या 'जनते'त मोजला जातो की नाही, कळेना.

एक घोषणा सारखी चालू होती: संसद मोठी की जनता मोठी? उत्तर एकच, आणि तेही सगळ्यांनी मिळून द्यायचं. माझ्यासमोर एक पोरगा, वकिलीचा विद्यार्थी असावा, पत्रकं वाटणाऱ्या बाईंना विचारत होता की अण्णांच्या मसुद्यातल्या जनलोकपालाचे अध्यक्ष आणि दहा सदस्य, अकरा जण, यांना तपास करायचा अधिकार, खटला भरायचा अधिकार, पंतप्रधान आणि न्यायाधीशही त्यांच्या कक्षेत. मग त्यांच्यातलाच कुणी बिघडला तर? बाई समजूतदार होत्या, सुप्रीम कोर्टाकडे तक्रार करता येईल म्हणाल्या. पण मागून कुणी तरी ओरडलं, "ए, काँग्रेसवाला आहे का रे तू?" आणि दोन-चार जण हसले. पोरगा गर्दीत मागे गेला.

सभागृहात प्रस्ताव मताला टाकतात तेव्हा आधी आवाजी मतदान होतं. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही' म्हणावं. अध्यक्ष कानांनी अंदाज घेतात आणि सांगतात, होय म्हणणाऱ्यांचं बहुमत आहे. नव्वद टक्के कामकाज असंच होतं. पण एखाद्या सदस्यानं उठून 'आम्हांला पोल हवा' म्हटलं की घंटा वाजू लागते, दारं बंद होतात आणि डोकी मोजली जातात. मोठ्या आवाजाचा पक्ष हरतो असं नाही, बहुतेकदा जिंकतोच. पण पोल मागणाऱ्याला खाली बसवता येत नाही, आणि त्याचं मत 'नाही' म्हणून छापलं जातं. असे कितीतरी कंटाळवाणे पोल मी पाहिले आहेत. त्या वकिलाच्या पोराला आज मैदानात उठून तो मागायची सोय नव्हती.

25 ऑगस्ट, गुरुवार

आठ दिवसांपूर्वी मार्ग चुकीचा म्हणणाऱ्या पंतप्रधानांनी आज लोकसभेत अण्णांना सलाम केला. अण्णांचं वजन घटतंय तसं सरकारचं बोलणं मऊ होतंय. डॉक्टर त्रेहान दिवसातून दोनदा येऊन आकडे सांगतात आणि देश ते शेअर बाजारासारखे ऐकतो.

सगळीकडे बाबासाहेबांचं 25 नोव्हेंबर 1949 चं भाषण निघालं आहे. घटना समितीतलं. संविधान आल्यावर कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हे मार्ग आता सोडून द्यावेत, आणि राजकारणात भक्ती शिरली की शेवट हुकूमशाहीत होतो, हा त्याचा मथितार्थ. अग्रलेखवाल्यांना ते फार सोयीचं झालं आहे. पण ते भाषण करणारा माणूस महाडच्या तळ्यावर आणि काळारामाच्या दारात सत्याग्रह केलेला माणूस होता, हे कुणी लिहीत नाही. सनदशीर दार नसेल तर दुसरा मार्ग धरणं समजण्यासारखं आहे, ही पुस्तीही त्यांनीच त्या भाषणात जोडली आहे.

आणि उपोषण म्हणजे काय हे बाबासाहेबांइतकं जवळून कुणाला माहीत होतं? 1932 चा सप्टेंबर, येरवडा. गांधीजी अन्न सोडून पडलेले, देशभर देवळांत प्रार्थना, आणि सगळ्यांची नजर एका माणसावर: हा सही करतो की नाही. स्वतंत्र मतदारसंघ मिळालेले होते, ते चार-पाच दिवसांत सोडावे लागले. उपोषणाच्या समोर बसलेल्या माणसाकडे युक्तिवाद कितीही असला तरी त्याला तो शेवटपर्यंत मांडता येत नाही. समोरचा मरेल ही भीती मध्येच येते. 1949 च्या भाषणामागे 1932 चा तो आठवडा आहे, असं मला नेहमी वाटत आलं आहे.

काल दिल्लीत दलित संघटनांनी मोर्चा काढला. त्यांनी स्वतःचं 'बहुजन लोकपाल' विधेयकच आणलं. अकरा जणांत आमचा कोण, हा त्यांचा प्रश्न. चॅनेलवर मिनिटभर दिसले, मग पुन्हा अण्णांच्या उपोषणाचं रामलीला मैदान.

पण अण्णांना नुसतं उडवून लावणाऱ्यांशीही माझं जमत नाही. मणिपूरच्या इरोम शर्मिला अकरा वर्षं अन्नावाचून आहेत, नाकातल्या नळीवर. गंगेतल्या खाणकामाविरुद्ध उपोषण करणारे स्वामी निगमानंद जूनमध्ये वारले. सरकार कुठल्याच उपोषणाला आपणहून भीत नाही. ते कॅमेऱ्याला भितं. अण्णांच्या माणसांनी हे ओळखलं, यात त्यांचा काय दोष?

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. अण्णांचं राळेगण मी पाहिलं आहे. नाला बंडिंग, विहिरींना आलेलं पाणी, सगळं खरं. दारुड्यांना खांबाला बांधून फटके दिले, हेही अण्णांनी स्वतःच अभिमानानं सांगितलेलं. गावात त्याला कुणाची हरकत नव्हती म्हणतात. ज्याला खांबाला बांधलं होतं त्याचं म्हणणं कुठल्या दप्तरात आहे?

27 ऑगस्ट, शनिवार

दिवसभर लोकसभा टीव्ही. ही म्हणाली, रिटायर होऊनही तुमची सुटका नाही. हातात पेन्सिल नव्हती तरी बोटं चालत होती.

सुट्टीच्या दिवशी बैठक, आणि भाषणं खरंच चांगली झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असेल, सगळे एकमेकांचं ऐकत होते. प्रणब मुखर्जींचं सुरुवातीचं निवेदन नेहमीसारखं, पाठीमागे सगळी नियमांची पुस्तकं उभी असल्यासारखं. शरद यादव उठले आणि आधी टीव्हीवाल्यांवर घसरले. मग मूळ मुद्द्याला आले: ज्यांच्या बापजाद्यांना गावात खाटेवर बसायची सोय नव्हती ती माणसं आज या सभागृहात बसली आहेत, ती मतांच्या पेटीतून आली, उपोषणातून नव्हे. रामलीला मैदानावर हे कुणाला आवडलं नसणार. मला दिवसभरातलं तेवढंच भाषण पुन्हा ऐकावंसं वाटलं. त्याच वेळी हेही मनात येत होतं, की त्याच सभागृहातले किती जण नोटांच्या जोरावर आले आहेत, हे सांगायला यादवांइतका जाणता दुसरा माणूस नाही, आणि तो ते सांगत नाही.

अण्णांच्या मागण्या तीन: नागरिकांची सनद, खालच्या श्रेणीतले कर्मचारी लोकपालाच्या कक्षेत, राज्यांत लोकायुक्त. गेले दोन दिवस वाद होता तो चर्चा कुठल्या नियमाखाली घ्यायची यावर. नियम 184 खाली घेतली तर शेवटी मतदान. 193 खाली घेतली तर नाही. बाहेरच्या माणसाला हा काथ्याकूट वाटतो. खरी गोष्ट तीच होती. अण्णांच्या बाजूला ठराव हवा होता, मतदानासकट. मिळाली ती 'सभागृहाची भावना'. प्रणबबाबूंनी संध्याकाळी ती वाचून दाखवली, 'तत्त्वतः' आणि 'योग्य यंत्रणेमार्फत' हे शब्द जागच्या जागी बसवून, आणि सदस्यांनी बाकं वाजवली. संपलं. 'होय' नाही, 'नाही' नाही.

बाकं वाजवली हे प्रतिवेदनात कसं लिहितात ते मला माहीत आहे. ते मत म्हणून लिहीत नाहीत.

बाहेर मैदानात ज्या गोष्टीबद्दल मी गेला आठवडाभर कुरकुरत होतो, तीच आज आत झाली. कोण कुठे उभा आहे हे कुणालाच नोंदवायचं नव्हतं. सत्ताधाऱ्यांना नको होतं, विरोधकांतल्याही कितीकांना नको होतं. खालच्या कर्मचाऱ्यांची मतं सगळ्यांनाच लागतात. मैदानाला घाबरलेलं सभागृह मैदानासारखंच वागलं.

रात्री पंतप्रधानांचं पत्र घेऊन विलासराव देशमुख मैदानावर. विलासरावांची भाषणं मी सभागृहात घेतलेली आहेत. चिमटा कुठे काढायचा आणि कुठे फक्त हसायचं, हे त्यांना उपजत कळतं. लातूर आणि पारनेर दिल्लीत समोरासमोर. देशाचा पेच शेवटी दोन मराठी माणसांनी सोडवला म्हणून उद्या आपले पेपर फुगतील.

28 ऑगस्ट, रविवार

सकाळी अण्णांनी दोन लहान मुलींच्या हातून नारळपाणी आणि मध घेतला. एक दलित घरातली, एक मुसलमान. आठवडाभर जे विचारलं जात होतं त्याचं उत्तर म्हणून ही निवड होती, हे उघड आहे. मंदारचे पाच मेसेज. मी एकालाच उत्तर दिलं: स्थायी समितीला सूचना पाठवायची मुदत अजून आहे.

28 डिसेंबर 2011, बुधवार

वांद्रे-कुर्ला संकुल. एमएमआरडीएच्या मैदानावर अण्णांचं उपोषण कालपासून. मंडप अवाढव्य, माणसं विरळ. खुर्च्यांपेक्षा कॅमेरे जास्त म्हणावेत अशी स्थिती. अण्णांना ताप. आज संध्याकाळी त्यांनी उपोषण सोडलं, जेलभरोही मागे घेतलं. गेल्या आठवड्यात मैदानाच्या सवलतीच्या अर्जावर उच्च न्यायालयानंही विचारलं होतं, विधेयक संसदेपुढे असताना समांतर प्रचार कसा चालेल.

मंदार रजा टाकून आला होता. रागावलेला. "मुंबईकरांना काही पडलेलंच नाही." मी म्हटलं, ऑगस्टात जे आले तेही मुंबईकरच होते की. तेव्हा ते जनता होते, आज आले नाहीत तर कोण झाले?

त्याला चहा पाजून कुर्ल्याला गाडीत बसवलं.

काल रात्री लोकसभेत लोकपाल मंजूर झाला, पण त्याला घटनात्मक दर्जा देणारं विधेयक पडलं. घटनादुरुस्तीला एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, तिथे बाकं वाजवून भागत नाही. मोजणी झाली आणि सरकारला तेवढे खासदार भरले नाहीत.

30 डिसेंबर, शुक्रवार

राज्यसभा मध्यरात्रीपर्यंत चालली. एका सदस्यानं विधेयकाची प्रत फाडली, गोंधळ, आणि बारा वाजता सभापतींनी सभागृह बेमुदत तहकूब केलं. मतदान झालंच नाही. आपण हरणार हे सरकारला कळलं होतं म्हणतात. आता पुन्हा कधी तरी.

18 डिसेंबर 2013, बुधवार

लोकपाल झाला. काल राज्यसभा, आज लोकसभा. राळेगणला यादवबाबांच्या देवळापाशी अण्णांनी उपोषण सोडलं आणि खासदारांचे आभार मानले. केजरीवाल मात्र याला 'जोकपाल' म्हणतात. ऑगस्ट 2011 मध्ये एका व्यासपीठावर बसलेली ही दोन माणसं.

राज्यांनी वर्षभरात लोकायुक्ताचे कायदे करायचे आहेत. डबेवाल्याला सकाळी सांगितलं. "आपल्याकडं हाय म्हनला हुता ना तुमी?" म्हणाला. त्याच्या चांगलंच लक्षात आहे.

मंदार दिल्लीत आहे, नोकरीतून सुट्टी घेऊन. नोव्हेंबरभर गल्लोगल्ली केजरीवालांच्या पक्षाच्या झाडूची पत्रकं वाटली. विधानसभेच्या 70 पैकी 28 जागा! मला त्याचं कौतुक वाटलं, तसं त्याला म्हटलंही. दार ठोठावून, मतदारयादी हातात घेऊन, लोकांचे शिव्याशाप ऐकून मिळवलेल्या जागा आहेत त्या. यादीत नाव सापडत नाही म्हणून रडणाऱ्या म्हातारीला मतदान केंद्रापर्यंत नेऊन आणल्याचा किस्सा त्यानं फोनवर दहा मिनिटं सांगितला. मैदानातून आला तेव्हा त्याच्याकडे असले किस्से नसायचे.

पण बहुमत नाही. काँग्रेसचा पाठिंबा घेऊन सरकार करायचं की नाही, हे आता ते पुन्हा लोकांनाच विचारताहेत. एसएमएस, फोन, पत्रं, मोहल्ल्यांतल्या सभा.

म्हटलं, अरे, लोकांनी दोन आठवड्यांपूर्वीच मतं दिली, ती मोजली, निकाल लागला. आता पुढचा निर्णय तुम्ही घ्यायचा, आणि चुकला तर शिव्या खायच्या. त्यासाठीच निवडून देतात.

"काका, पाच वर्षांतून एकदा विचारायचं आणि मग आपल्याच मनानं चालायचं, हेच तर बदलायचंय आम्हांला."

यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मी एवढंच विचारलं की हे एसएमएस दिल्लीच्या मतदाराचे की मुलुंडहून मीही एक पाठवू शकतो? एकानं चार पाठवले तर? मोजणार कोण?

"आम्हीच."

आणि हरकत घ्यायची असेल तर?

तो म्हणाला, शेवटची मेट्रो चुकेल, उद्या बोलू.